संध्याकाळचा कट्टा: मुला-मुलींनी उभ्या केलेल्या एका खोलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ऊसपट्ट्यातलं साधारण साडेसहा हजार वस्तीचं गाव. ओळख पटू नये म्हणून नाव दिलेलं नाही, काही तपशील बदलले आहेत आणि आकडे गोल केले आहेत. गावात बारावीपर्यंत शाळा आहे, दोन गणेश मंडळं आहेत, तालीम आहे, वाचनालय आहे, एसटी स्टँडवर तीन टपऱ्या आहेत. यातलं काहीच तेरा ते अठरा वयाच्या पोरांचं नाही. तालमीत कसरत करणारेच जातात. वाचनालयात पेन्शनर मंडळी पेपर वाचत बसलेली असतात. पार म्हाताऱ्यांचा. मुलगे टपरीपाशी, पुलाच्या कठड्यावर, नाहीतर पडीक रानात क्रिकेट खेळताना सापडतात. मुली सापडतच नाहीत. शाळेतून घरी आणि घरून शिकवणीला जाताना दिसतात, तेवढ्याच.

नववी आणि अकरावीतल्या नऊ जणांनी, पाच मुली आणि चार मुलगे, शाळेच्या प्रकल्पासाठी हा विषय घेतला. सुरुवात जुलैत झाली आणि खोलीचं दार पुढच्या गुढीपाडव्याला उघडलं.

अडचण नेमकी काय होती

पहिली पाहणी फसली आणि ती कशी फसली हे पुढच्या सगळ्या कामासाठी मोलाचं ठरलं. वर्गात छापील फॉर्म वाटले, सर समोर उभे, फॉर्मवर नाव. 'गावात तुमच्यासाठी काय हवं?' या प्रश्नाला शंभरावर मुलांनी जवळजवळ एकच उत्तर लिहिलं: अभ्यासिका, वाचनालय, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. मोठ्यांना काय ऐकायला आवडतं हे या वयापर्यंत मुलांना पाठ झालेलं असतं. हेच फॉर्म खरे धरून काम पुढे गेलं असतं, तर गावाला आणखी एक अभ्यासिका मिळाली असती आणि मूळ प्रश्न जागेवरच राहिला असता.

गटातल्या मुलींनीच हरकत घेतली. दुसऱ्या खेपेला खोक्याला भोक पाडून पेटी केली, बिननावाच्या चिठ्ठ्या मागवल्या आणि प्रश्न बदलले: काल संध्याकाळी पाच ते सात तू कुठे होतास किंवा होतीस? कुठे असायला आवडलं असतं? पेटी शिक्षकांच्या खोलीत ठेवली नाही, पाण्याच्या टाकीपाशी ठेवली. चार दिवसांत 118 चिठ्ठ्या जमल्या. त्यात अभ्यासिका होतीच, पण सर्वांत जास्त वेळा आलेली गोष्ट वेगळी होती. काही न करता बसायला. मैत्रिणीशी बोलायला, कुणी 'काय चाललंय' असं न विचारता. कालचा ठावठिकाणा सांगणाऱ्या मुलींच्या चिठ्ठ्यांमध्ये दळण, पाणी, भावाला सांभाळणं, शिकवणी असं होतं. मुलग्यांच्या चिठ्ठ्यांत पूल, स्टँड, मैदान.

म्हणजे अडचण दुहेरी होती. जागा नाही, ही एक. आणि मुलांनी नुसतं निवांत बसावं, ही गोष्ट गावात मान्य नाही, ही दुसरी. पहिलीवर पैसे खर्च करता येतात. दुसरी सोडवायला हे प्रकरण अजूनही झगडतं आहे.

पर्याय

चार जागा पाहिल्या.

शाळेचा एखादा वर्ग संध्याकाळी उघडा ठेवणं सगळ्यांत सोपं होतं. पण दहावीनंतर शाळा सोडलेली मुलं फाटकातून आत येणार नाहीत हे गटाला माहीत होतं. शिवाय वर्ग तो वर्गच. फळा समोर असला की पोरं रांगेत बसतात.

एका गणेश मंडळाने आपली खोली देऊ केली. खोली चांगली, वीज आहे, पंखा आहे. पण तिथे वर्षभर मोठ्या पोरांचा अड्डा. त्या दारातून मुली आत जाणं शक्य नव्हतं आणि मंडळामागे कोणता गट आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असल्याने अर्ध्या घरांनी मुलगेही पाठवले नसते.

गायरानात पत्र्याची शेड मारायची, ही कल्पना एका सदस्याची. गायरान सरकारी जमीन, परवानगी वरून यायची. गटाने ही वाट पहिल्याच आठवड्यात सोडली आणि ते बरं झालं.

उरली जुनी ग्रामपंचायत. नवी इमारत झाल्यापासून कुलूपबंद. 30 बाय 18 फुटांची एक खोली, वर पत्रा, खाली शहाबादी, मागे एक शौचालय ज्याचं दार गेलेलं. मुख्य चौकापासून दोनशे मीटर आत, शेजारी किराणा दुकान आणि समोर अंगणवाडी. जागा म्हणून ही उत्तम होती आणि तिचं कारण शेजार. येण्याजाण्याच्या वाटेवर बायकांचा वावर होता.

जागेचा निर्णय

अठरा वर्षांखालच्यांना करार करता येत नाही आणि ग्रामसभेत मतही नाही. त्यामुळे जागा 'मुलांना' देणं कागदावर शक्यच नव्हतं. एखादी संस्था नोंदवून तिच्या नावे जागा घ्यावी असा सल्ला मिळाला. गटाने तो मानला नाही. नोंदणी, पदाधिकारी, हिशोब तपासणी हे सगळं मोठ्यांच्या हाती गेलं असतं आणि जागेसोबत अध्यक्षपदाचं भांडणही आलं असतं. शेवटी ताबा ग्रामपंचायतीकडेच ठेवून फक्त वापराचा ठराव मागायचा असं ठरलं. ठरावाच्या मसुद्यात तीन गोष्टी आग्रहाने घातल्या: वेळ, वयोगट आणि समिती. समितीत पाच मुलं-मुली, त्यांतल्या तीन मुली, आणि दोन मोठी माणसं.

ठराव सरळ ग्रामसभेत नेला असता तर पडला असता. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती बहुतेक गावांत सह्यांपुरती होते. गटातल्या मुलींनी आयांना आधी सांगून ठेवलं, बचत गटाच्या बैठकीत जाऊन नकाशा दाखवला आणि मागणी प्रथम तिथून मंजूर करून घेतली. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय आला तेव्हा तो पोरांचा हट्ट राहिला नव्हता, महिला सभेची शिफारस झाला होता. पैशांची वाटही तिथेच निघाली. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात, आणि त्या वर्षीची रक्कम बरीचशी शिल्लक होती.

सभेत एका ज्येष्ठांनी विचारलं, बसायला खोली कशाला, यांना घरं नाहीत का? अध्यक्षांची परवानगी घेऊन अकरावीतली एक मुलगी उठली. आबा, घर तर तुम्हालाही आहे, मग तुम्ही रोज पारावर का बसता, असं तिने नीट, आदरानेच विचारलं. सभा हसली, आबाही हसले. पण विरोध संपला नव्हता. 'अभ्यासिकाच करा' हा सूर कायम होता, आणि तडजोड करावी लागली: सकाळी सहा ते दहा अभ्यासिका, संध्याकाळी साडेचार ते साडेसात कट्टा. ही तडजोड पुढे कशी नडली ते खाली येईल.

काम आणि खर्च

एकूण खर्च 93,200 रुपये. पत्रे व हुक 18,400. वायरिंग, बोर्ड, अर्थिंग 21,600. शौचालय व 500 लिटरची टाकी 24,000. रंग 9,500. बाक 11,000. सतरंज्या, खेळ व फळा 8,700. ग्रामपंचायतीने 45,000 दिले, माजी विद्यार्थी आणि शिक्षकांनी मिळून 19,000, दोन मंडळांनी 18,000, आणि 11,200 रुपये मुलांनी घरोघरची रद्दी विकून उभे केले. मंडळांना भिंतीवर नाव हवं होतं. सगळ्या देणगीदारांची नावं एकाच फळीवर, एकाच मापाच्या अक्षरांत, बाराखडीच्या क्रमाने, असा तोडगा निघाला. पाचशे रुपये देणाऱ्या पिठाच्या गिरणीवाल्याचं नाव मंडळाच्या वर आलं, आणि त्यावर कुणी काही बोललं नाही.

सर्वांत जास्त पैसे शौचालयाला लागले आणि तेच योग्य होतं. आतून लागणारी भक्कम कडी, आतला दिवा, पाणी, झाकणाची कचरापेटी आणि ती रोज रिकामी करण्याची पाळी. यातलं एक नसेल तर मुली अर्ध्या तासात घरी जातात.

वीज जुन्या इमारतीची होती, वायरींचं रबर तडकलेलं. वायरमनने जुन्याच वायरींना जोड द्यायचा बेत केला होता. समितीतल्या शिक्षकांनी सगळी वायरिंग नवी करून घेतली, अर्थिंगचा खड्डा नव्याने भरून घेतला आणि वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. ओल धरणाऱ्या भिंती आणि अनवाणी मुलं असतील तिथे यात काटकसर करू नये.

चूक झाली ती रंगात. पाडव्याचा मुहूर्त गाठायचा म्हणून पत्र्याचं काम अर्धवट असताना भिंती रंगवल्या. फुटके पत्रे बदलले होते, पण जुन्या पत्र्यांचे हुक तसेच ठेवले होते. हुकाखालचा डांबरी वायसर उन्हाने कडक होऊन तडकतो आणि पाणी भोकातून नाही तर हुकाच्या दांड्यावरून खाली उतरतं. खालून पाहिलं तर पत्रा शाबूत दिसतो. जूनच्या दुसऱ्या पावसात पश्चिमेच्या भिंतीवरच्या डिस्टेंपरचे पापुद्रे सुटले. सगळे हुक आणि वायसर बदलून तेवढी भिंत खरवडून, लांबी (पुट्टी) भरून पुन्हा रंगवावी लागली. आधी छप्पर, त्यावर एकदा बादल्यांनी पाणी ओतून पाहणं, मग वीज, मग गिलावा, सर्वांत शेवटी रंग. हा क्रम गवंड्याने सांगितला होता.

पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये साडेचारला बसवत नाही. पत्र्यावर चुन्याचे दोन हात दिले, चुन्यात चिकटा घातला. फरक पडला, तरी उन्हाळ्यात वेळ तासभर पुढे न्यावीच लागली.

आतली मांडणी

टेबल टेनिसचं टेबल फुकट मिळत होतं. मुलग्यांचा जोर होता, तरी ते नाकारलं. टेबल 9 बाय 5 फुटांचं, पण दोन्ही टोकांना खेळाडूला मागे सरायला पाच-सहा फूट सोडले की खोलीची निम्म्याहून जास्त लांबी जाते. दोघं खेळणार आणि बाकीचे भिंतीला चिकटून उभे. त्याऐवजी दोन कॅरम, चार बुद्धिबळं आणि बसायला जागा.

बाक गवंड्याकडून विटांचे बांधून घेतले. 16 इंच उंच, 18 इंच खोल, वर शहाबादीचे तुकडे, कडा घासून गोल केलेल्या. भिंतीलगत सरळ रांग न करता कोपऱ्यात काटकोनात बांधले, एक बाजू 12 फूट, दुसरी 10. सरळ बाकावर माणसं एसटीची वाट पाहिल्यासारखी बसतात. काटकोनात तोंडं एकमेकांकडे होतात आणि बोलणं आपोआप सुरू होतं.

खिडक्यांवरून बराच वाद झाला. मोठ्यांचं म्हणणं, रस्त्यावरून आतलं सगळं दिसलं पाहिजे. मुलींचं म्हणणं, येणारा-जाणारा प्रत्येक जण बघणार असेल तर आम्ही येणार नाही. दोन्ही बरोबर होतं. खोलीचं जोतं रस्त्यापासून दीड फूट उंच, म्हणजे रस्त्यावरच्या माणसाची नजर खोलीच्या जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर येते. गटाने टेप लावून हे मोजलं आणि काचांना जमिनीपासून साडेचार फुटांपर्यंत धूसर कागद लावला. चालत्या माणसाला बसलेली मुलं दिसत नाहीत. पायरी चढून उंबऱ्याशी आलेल्याला पूर्ण खोली दिसते. दार मात्र कायम उघडं.

उघडल्यावर काय झालं

पहिल्या दोन आठवड्यांत रोज तीसेक मुलगे आणि दोन-तीन मुली. पाच मुलींनी ज्या कामाला हात घातला त्याची ही गत पाहून गट खचला. समितीतल्या मुलींनी घरोघर जाऊन कारणं विचारली. कॅरम दाराजवळ होता, भोवती मुलग्यांचं कोंडाळं, आत जायचं तर त्यांच्यामधून. मुली मोकळ्या होतात साडेचार ते सहा, स्वयंपाकाला हात लावायच्या आधी, आणि मुलगे मैदानावरून सव्वापाचनंतर येतात. चौकापर्यंतच्या गल्लीतल्या एका खांबावर दिवा नाही.

कॅरम त्याच दिवशी मागच्या भिंतीकडे गेला. वेळेसाठी मंगळवार आणि शुक्रवार फक्त मुलींचे ठरवायचे असा प्रस्ताव आला. दोन मुलींनी विरोध केला: मग उरलेले दिवस मुलग्यांचे होतील. तरीही करून पाहिलं आणि तसंच झालं. मंगळवारी पंधरा मुली, बुधवारी एकही नाही. महिन्याभराने पद्धत बदलली. रोज साडेचार ते साडेपाच फक्त मुली, त्यानंतर सगळे. साडेपाचला मुलगे येतात तेव्हा बाकांवर मुली आधीच बसलेल्या असतात आणि मुलगे त्यांच्या खोलीत पाऊल टाकतात. भरलेल्या खोलीत शिरणं आणि आपण बसलेल्या खोलीत दुसरं कुणी येणं, यात या वयाच्या मुलीसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. या प्रकरणातला सर्वांत परिणामकारक निर्णय हाच, आणि त्याला एक पैसा लागला नाही.

किल्ल्या दोन. एक किराणा दुकानातल्या काकूंकडे, एक समितीतल्या, त्या दिवशीची जबाबदारी असलेल्या मुलीकडे किंवा मुलाकडे. देखरेखीला रोज एक मोठं माणूस, शक्यतो बाई, बाहेरच्या ओट्यावर बसतं, आत नाही. कुणीही मोठी व्यक्ती एकट्या मुलासोबत वा मुलीसोबत आत थांबणार नाही, मुलांना न विचारता फोटो काढणार नाही, आणि 1098 हा बालकांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर राहील, हे ठरावातच होतं. वायफाय मुद्दाम घेतलं नाही.

अभ्यासिकेची तडजोड नडली ती अशी. सकाळच्या कुणीतरी 'शांतता राखा' अशी पाटी ठोकली. संध्याकाळी कुणी ती काढली नाही, पण बोलण्याचे आवाज खाली आले. ओट्यावरची मोठी माणसं पाटीकडे बोट दाखवू लागली. काढावी तर सकाळचे नाराज. शेवटी पाटी खिळ्यावर टांगली, मागच्या बाजूला 'बोला, बसा' असं रंगवलं आणि साडेचारला किल्ली आणणारा तिला उलटी करतो.

निष्पत्ती

वर्षअखेरीला रोज सरासरी बावीस-तेवीस जण, त्यांत नऊ-दहा मुली. दोन वेळा भांडण झालं, दोन्ही वेळा स्पीकरवरून. आता स्पीकर फक्त साडेसहा ते सात.

दोन गोष्टी जमल्या नाहीत. शाळा सोडलेली मुलं, ज्यांच्यासाठी शाळेचा वर्ग नाकारला होता, ती चार-पाच वेळा आली आणि मग यायची थांबली. कारण बऱ्याच उशिरा कळलं. हजेरीच्या रजिस्टरमध्ये नावापुढे 'इयत्ता' असा रकाना होता. शाळेच्या रजिस्टरवरून तो जसाच्या तसा उतरवला गेला होता. गॅरेजवर काम करणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाने रोज तिथे काय लिहायचं? रकाना काढला. मुलं परत आलेली नाहीत.

दुसरी गोष्ट फेब्रुवारी-मार्चमधली. परीक्षांमुळे दीड महिना कुणी फिरकलं नाही. तेवढ्यात खोलीत मंडपाच्या खुर्च्या, मग सिमेंटची पोती, मग पंचायतीचं जुनं कपाट आलं. रिकामी सरकारी खोली गावात फार दिवस रिकामी राहत नाही. ती मोकळी करून घ्यायला एप्रिल उजाडला.

वेगळं काय करता आलं असतं

परीक्षेच्या दिवसांत रोज एक तास तरी दार उघडायला हवं होतं, एक मुलगी आणि काकू एवढ्याच असत्या तरी. सामान आत ठेवण्यास मनाई हा मुद्दाही ठरावात यायला हवा होता.

अभ्यासिकेची तडजोड टाळता आली असती का? बहुधा नाही, ठराव पडला असता. पण सकाळचा आणि संध्याकाळचा गट एकदा समोरासमोर बसवायला हवा होता. भिंतीवर काय लावायचं हे तेव्हाच ठरलं असतं.

शाळा सोडलेल्यांपैकी एक-दोघं पहिल्या नऊ जणांत असते, तर 'इयत्ता' रकाना छापलाच गेला नसता. प्रकल्प शाळेतून निघाला, म्हणून गटही शाळेतलाच झाला. समितीच्या पाच जागांपैकी एक आता त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे, अजून रिकामी आहे.

आणि गल्लीतला दिवा. खोली उघडण्याआधीच त्या खांबाचा अर्ज द्यायला हवा होता, कारण सहानंतर मुली थांबतात की नाही हे त्यावर अवलंबून होतं. अर्ज पाडव्यानंतर गेला, दिवा दिवाळीत लागला. तोवर सहाला उठून जायची सवय पडली होती. दिवा लागूनही बहुतेक जणी अजून सहालाच उठतात. जूनमध्ये नवी समिती बसेल तेव्हा तिच्या वहीत पहिलं काम म्हणून हेच लिहून ठेवलं आहे.